अकालजात अर्भकांचे नीलेतून वसापोषण

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकाला तोंडाने वा नळीने पुरेसे दूध देता येत नसेल, तेव्हा तेलाचे निर्जंतुक पायस (पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले मिश्रण) सावकाश नीलेत सोडून त्याला वसा (स्निग्ध पदार्थ) पुरविण्याची पद्धती. गर्भाच्या शरीरात वसेचा साठा मुख्यत्वे शेवटच्या तीन महिन्यांत होतो. त्यामुळे १ किग्रॅ. वजनाच्या अर्भकात वसा शरीरभाराच्या सु. १ टक्काच असते. पूर्ण दिवसांच्या अर्भकात ती १२ ते १६ टक्के असते. पोषण मुळीच न मिळाल्यास पहिले अर्भक सु. ४ दिवस, तर दुसरे सु. एक महिना तग धरू शकेल, असा अंदाज १९७० नंतरच्या दशकात मांडण्यात आला. त्यावरून या प्रश्नाची निकड लक्षात येते.

केवळ द्राक्षशर्करेने (ग्लुकोजाने) ही उणीव भरून निघत नाही. तिच्या १० टक्के विद्रावाच्या १ मिलि. पासून सु. ०·३४ किलोकॅलरी, तर २० टक्के वसा-पायसाच्या तेवढ्याच घनफळापासून सु. २ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. शर्करेचा विद्राव अधिक तीव्र केल्यास लहान नीलांचा दाह होतो. शिवाय लिनोलीक अम्ल हे आवश्यक वसाम्ल शरीरात तयार होत नाही. वसाविरहित पोषणावर ठेवलेल्या अकालजात अर्भकाच्या रक्तात त्याची न्यूनता आठवड्याभरातच आढळू लागते.

इतिहास : सतराव्या शतकात विल्यम कोर्टेन यांनी कुत्र्याच्या नीलेत ऑलिव्ह तेल सोडले असता तो मरण पावला. तेलाचे मोठे थेंब फुप्फुसातील केशवाहिन्यांत अडकतात. १८५४ मध्ये टोराँटो येथील पटकीच्या साथीत एडवर्ड हॉडर यांनी रुग्णांच्या नीलेत गाईचे दूध सोडून पाहिले. दुधातील वसा मुळातच सूक्ष्म कणांच्या रूपात असते. तथापि हा मार्ग सुरक्षित ठरला नाही. १९२० नंतरच्या दशकात जपानमध्ये एरंडेलाचे पायस वापरण्यात आले. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात सरकीच्या तेलाचे पायस प्रचारात आले. परंतु ताप, कावीळ व रक्तस्राव हे विकार उद्‌भवू लागल्याने ते मागे घ्यावे लागले.

स्वीडनमधील आर्व्हिड व्ह्रेटलिंड व ओस्कार शूबर्ट यांनी १९६१ मध्ये सोयाबीनचे तेल व अंड्याच्या पिवळ्या बलकातील फॉस्फोलिपिडे यांपासून केलेल्या पायसाची माहिती प्रसिद्ध केली. ‘इंट्रालिपिड’ या नावाने ते प्रसिद्धीस आले. त्यातील कणांचा सरासरी व्यास अर्ध्या मायक्रोमीटरहून कमी असून जेवणानंतर रक्तात दिसणाऱ्या नैसर्गिक वसाकणांशी त्यांचे साम्य आहे. अमेरिकेत सरकीच्या पायसाचा अनुभव ताजा असल्याने त्यास १९७५ पर्यंत मान्यता मिळाली नाही. म्हणूनच फिलाडेल्फिया येथे डग्लस विल्मोर व स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला, आतड्याचा बहुतेक भाग नसलेल्या बालिकेच्या नीलापोषणाचा सुविख्यात प्रयोग मुख्यत्वे शर्करा व प्रथिनद्रव्ये यांवरच आधारलेला होता.

तेलाची निवड : महाराष्ट्राच्या वाचकास परिचित असलेले करडईचे तेलही या इतिहासात येते. बीड जिल्ह्यासह मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत करडई हे रब्बीचे जुने पीक असून तिच्या तेलात लिनोलीक अम्ल सु. ७५ टक्के असते. या गुणामुळे १९८० च्या सुमारास अमेरिकेत करडईच्या तेलाचे पायस वापरात आले. मात्र त्यात लिनोलेनिक अम्ल जवळजवळ नसते. केवळ या पायसावर काही महिने राहिलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीस हातापायांत बधिरपणा, चालता न येणे व अंधुक दिसणे ही लक्षणे झाल्याचे व सोयाबीनच्या पायसाने ती दूर झाल्याचे राल्फ होल्मन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नोंदविले. पुढे करडई व सोयाबीन यांच्या तेलांचे मिश्रण वापरण्यात येऊ लागले. योगायोगाने मराठवाड्याच्या शेतांतही सोयाबीनचे क्षेत्र वाढून करडईचे घटले आहे.

धोके व सुधारणा : पायस वेगाने दिल्यास अपक्व शरीरास ते रक्तातून दूर करता येत नाही. मरण पावलेल्या अकालजात अर्भकांच्या फुप्फुसांत वसा साठलेली आढळल्याचे १९८० मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मात्रा २४ तासांत विभागून देण्यावर भर आहे. १० टक्के पायसात वसेच्या मानाने फॉस्फोलिपिडे जास्त असल्याने २० टक्के पायस श्रेयस्कर ठरले. दीर्घकाळ सोयाबीन-पायस दिल्यास यकृतात पित्त साचते. या विकारासाठी माशांच्या तेलाच्या पायसास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. हल्ली जन्मानंतर पहिल्या एकदोन दिवसांतच आरंभ करून दर किग्रॅ. वजनास प्रतिदिनी ३ ते ४ ग्रॅ. पर्यंत मात्रा नेतात. रक्तातील ट्रायग्लिसराइडे मोजणे व पायसाचे प्रकाशापासून रक्षण करणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील अन्य प्रयत्न : या पद्धतीस निर्जंतुक मिश्रण, अचूक पंप, रक्तपरीक्षा व प्रशिक्षित परिचारिका लागतात. ग्रामीण भागात ही साधने दुर्मिळ असल्याने त्वचेवाटे व दुधावाटे वसा पुरविण्याचे मार्गही अभ्यासले गेले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत करडईच्या तेलाने मर्दन केलेल्या नवजातांच्या रक्तात लिनोलीक अम्ल वाढल्याचे दिसले. मात्र मर्दनाने पूर्ण पोषण होत नाही. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये भारतातील पहिली मानवी दुग्धपेढी स्थापन झाली. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा केंद्रांपासून दूर जन्मलेल्या अर्भकाच्या बाबतीत ऊब, आईचे पिळून काढलेले दूध व वेळेवर स्थलांतर यांना पहिले स्थान आहे. रुग्णालयातही आतड्याला दूध पचू लागताच पायसाचे प्रमाण घटवीत नेऊन ते थांबविले जाते.