आंतरराष्ट्रीय विमान कंपनी चालते तरी कशी?

नकाशावर मुंबई आणि कर्नाटकातील बळ्ळारी ही दोन ठिकाणे शोधा आणि पट्टी लावून दोहोंमध्ये सरळ रेघ ओढा. ही रेघ सातारा जिल्ह्यात खटावजवळून जाईल आणि पुढे सांगली जिल्ह्यातील खानापूर व जत तालुक्यांवरून कर्नाटकात शिरेल. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये टाटांचे टपालविमान मुंबईहून बळ्ळारीमार्गेच मद्रासला गेले. १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून जुहूला विमान उतरविले आणि पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने पार पाडला. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडत असे. मग विमानांसह सारे बिऱ्हाड पुण्यात, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावे लागे. या इवल्याशा टपालसेवेतून आजची एअर इंडिया उभी राहिली.

८ जून १९४८ रोजी तिचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटा समूहाकडे आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'विस्तारा' तिच्यात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सचा सुमारे चौथा हिस्सा तिच्यात आला.

विमान कंपनी म्हणजे निव्वळ विमाने नव्हेत. एसटीचेच पाहा. गाडी आणि चालक तुम्हाला दिसतात. पण आगार, कार्यशाळा, वेळापत्रक आणि नियंत्रकाची खोली नसेल, तर सातारा स्थानकातून एकही गाडी सुटणार नाही. विमान कंपनीतही हे सारे असते. फरक एवढाच, की एसटीत बिघाड झाला तर चालक ती रस्त्याच्या कडेला उभी करू शकतो. आकाशात कडेला थांबण्याची सोय नाही. म्हणून विमानाच्या बाबतीत जवळजवळ सारे निर्णय जमिनीवर, उड्डाणापूर्वीच घ्यावे लागतात.

इंधनाचेच उदाहरण घ्या. बोइंग ७८७-८ या विमानाच्या टाक्यांत सुमारे सव्वा लाख लिटर इंधन मावते. दुधाचा मोठा टँकर वीस हजार लिटरचा धरला, तर असे सहा टँकर भरतील! पण टाक्या दरवेळी काठोकाठ भरत नाहीत, कारण इंधनाचे ओझे वाहून नेण्यासाठीही इंधनच जाळावे लागते. प्रवासापुरते इंधन, वाटेत वारा उलटा लागला तर थोडे अधिक, ठरलेल्या विमानतळावर उतरता आले नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतके आणि शिवाय सुमारे अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे राखीव, असा हिशेब केला जातो. तो लिटरमध्ये नव्हे, तर किलोत करतात. उष्णतेने इंधन प्रसरण पावते, त्याचे वजन मात्र बदलत नाही. हे गणित उड्डाण नियोजन अधिकारी मांडतो. हवामान पाहून अधिक इंधन मागण्याचा अधिकार कॅप्टनला असतो.

मग येतो तोल. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलले जाते. विमानाचेही तसेच आहे. प्रवासी कोठे बसले, कोणत्या कप्प्यात किती किलो सामान आहे, याचा तक्ता तयार होऊन कॅप्टनच्या हाती पडल्याखेरीज विमान जागचे हलत नाही. अभियंत्याची सही नसेल तरीही नाही. वैमानिकांचे कामाचे तास संपले असतील तरीही नाही. विमानाला उशीर झाला की आपण चिडतो; पण 'थांबा' म्हणण्याचा अधिकार इतक्या जणांना असणे हीच या व्यवस्थेची खरी ताकद आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते.

चहा-नाश्ता देणारे कर्मचारी प्रामुख्याने सुरक्षेसाठी असतात. निम्मीच दारे वापरूनही भरलेले विमान नव्वद सेकंदांत रिकामे करता येते, हे नव्या विमानाच्या परीक्षेत सिद्ध करावे लागते. संकटकाळी ही घाई शिस्तीत करवून घेण्याचे प्रशिक्षण या कर्मचाऱ्यांना दिलेले असते. आणखी एक गंमत म्हणजे अनेक कंपन्यांत दोघा वैमानिकांना वेगवेगळे जेवण देतात. अन्नातून बाधा झालीच, तर ती दोघांना एकदम होऊ नये!

आकाशालाही मालक असतो. १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या करारानुसार प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावर सत्ता असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना लांबचा वळसा घालून, वाटेत व्हिएन्नाला उतरून इंधन भरावे लागले. इंधन वाढले, वेळ वाढला, वैमानिकांच्या पाळ्याही बदलल्या.

एवढी काळजी घेऊनही अपघात होतात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ७८७ विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी केवळ एक जण वाचला. जमिनीवरील माणसेही दगावली. अशा वेळी तपास कंपनीकडे सोपवीत नाहीत. त्यासाठी सरकारचे स्वतंत्र अपघात अन्वेषण कार्यालय आहे. दोषी शोधून शिक्षा करणे हे त्याचे काम नव्हे. तसा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून कारण शोधणे, हे त्याचे काम.

मग कराडहून थेट लंडनला विमान का नाही? कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे. पण त्या छोट्या विमानांपुरत्या. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटरची आहे. शिवाय लंडनच्या विमानात अडीचशे प्रवासी रोज हवेत. ते एका गावातून मिळत नाहीत. म्हणून कंपन्या अनेक गावांचे प्रवासी मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या केंद्रात गोळा करतात आणि तेथून मोठ्या विमानात बसवितात. सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेली विटा-आटपाडीकडील कुटुंबे असोत वा परदेशी शिकायला निघालेला साताऱ्याचा विद्यार्थी, त्यांना आधी कोल्हापूर, पुणे वा मुंबई गाठावी लागते.

तेथे बॅगेला जी चिठ्ठी लावतात, तिच्यावरील तीन इंग्रजी अक्षरे जरूर वाचा. कोल्हापूरची केएलएच, पुण्याची पीएनक्यू आणि मुंबईची, शहराचे नाव बदलले तरी जुन्या बॉम्बेवरून पडलेली, बीओएम. मुंबईत विमान बदलून लंडनला जाताना संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच असेल, तर बॅग सहसा थेट लंडनलाच मिळते. परतताना मात्र भारतात ज्या शहरात प्रथम उतराल, तेथेच सीमाशुल्क तपासणीसाठी ती ताब्यात घ्यावी लागते.