प्रा. य. दि. फडके आणि आपला महाराष्ट्र

महाराष्ट्राबाहेर वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनातील महाराष्ट्र हा पुष्कळसा आख्यायिकांचा असतो. गणेशोत्सवातील व्याख्याने, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि शालेय धड्यांतील दोन-चार तेजस्वी प्रसंग एवढ्या शिदोरीवर आपले टिळक, आगरकर, सावरकर आणि आंबेडकर उभे असतात. त्यांत गैर काहीच नाही. परंतु हे थोर पुरुष एकमेकांशी का भांडले, असा प्रश्न घरातल्या एखाद्या चौकस मुलाने केला म्हणजे आपली पंचाईत होते. या पंचाईतीवर उतारा म्हणून ज्यांचे ग्रंथ निःशंकपणे हाती घ्यावेत, असे अभ्यासक म्हणजे प्रा. यशवंत दिनकर फडके. ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते इतिहासकार म्हणून.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १९३१ रोजी सोलापुरास झाला. आदल्याच वर्षी, मे १९३० मध्ये, सोलापूरने लष्करी कायदा अनुभवला होता आणि फडके जेमतेम नऊ दिवसांचे असताना, १२ जानेवारी १९३१ रोजी, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांना येरवड्यास फाशी देण्यात आले. मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू कानांवर पडणारे हे गिरण्यांचे गाव. भाषा आणि राजकारण यांचे नाते हा पुढे त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय व्हावा, यात नवल ते कोणते? पुणे विद्यापीठातून पदव्या घेऊन त्यांनी मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून अध्यापन केले आणि १९७३ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

त्यांच्या साठांहून अधिक पुस्तकांपैकी ‘शोध बाळ-गोपाळांचा’ हे माझ्या विशेष आवडीचे. बाळ म्हणजे टिळक, गोपाळ म्हणजे आगरकर. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, पुढल्या वर्षी ‘केसरी’ सुरू झाला आणि १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. अशा जिवलग मित्रांची १८८७ च्या सुमारास फारकत झाली. १८८८ साली आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. आधी स्वराज्य की आधी सुधारणा, एवढ्या एका वाक्यात आपण हा वाद मिटवून टाकतो. वस्तुतः आजीव सदस्यांचे वेतन किती असावे, त्यांनी बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, संस्थेच्या नियमांचा अर्थ कोणी लावावा, असे रोकडे प्रश्नही त्यात गुंतलेले होते. कचेरीत हयात घालविलेल्या माणसास याचे आश्चर्य वाटणार नाही. तत्त्वाचा वाद आणि वेतनाचा वाद बहुधा एकाच फाईलमध्ये असतात! असे प्रश्न विचारात घेतल्याने टिळक लहान होत नाहीत आणि आगरकरही नाहीत. उलट दोघेही हाडामांसाचे होतात.

राज्यशास्त्राच्या शिस्तीचा लाभ तो हाच. सत्ता कोणाच्या हाती होती, नियम काय होता, कोण काय बोलला आणि प्रत्यक्षात काय केले, हे तपासल्याशिवाय निवाडा द्यावयाचा नाही. टिळकांवर लिहिणाऱ्या याच लेखणीने केशवराव जेधे यांचे चरित्रही सिद्ध केले. टिळक-चिपळूणकरांवर जहाल टीका करणारे दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ १९२५ साली प्रसिद्ध झाले, त्याचे प्रकाशक हे जेधे. आणि त्यापायी झालेल्या खटल्याच्या अपिलात त्यांची बाजू मांडणारे वकील डॉ. आंबेडकर. टिळकांचा आणि जेध्यांचा असे दोन्ही पक्ष एकाच आस्थेने समजून घेणारे अभ्यासक आपल्याकडे मोजकेच. महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयाची १९९१ ची सुधारित आवृत्ती त्यांनी संपादित केली. अरुण शौरी यांनी डॉ. आंबेडकरांवर टीकेचा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यास मराठीतून ग्रंथरूपाने उत्तर देण्यासही तेच पुढे सरसावले. त्या पुस्तकातली त्यांची लेखणी चांगलीच धारदार आहे.

एरवी मात्र त्यांची शैली रंजक नाही, हे सांगितले पाहिजे. तारखा, ठराव, पत्रे, वर्तमानपत्रांतील उतारे यांची दाटी असते. कादंबरीची गोडी लागलेला वाचक पन्नास पानांत थकतो. ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ या त्यांच्या बहुखंडी ग्रंथाची रचनाही अशीच सावकाश वाचण्याजोगी.

भाषिक राज्यरचनेवर त्यांनी इंग्रजीतही ग्रंथ लिहिला. बेळगावशी या विषयाचा संबंध निराळा सांगावयास नको. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, ते बेळगावावाचून. त्याच बेळगावात २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी कवी वा कादंबरीकार नव्हता, तर भाषा आणि राज्य यांच्या संबंधाचा अभ्यास केलेले फडके होते. राज्याच्या सीमेबाहेर राहूनही मराठी बोलणाऱ्या आपणांसारख्यांना त्या निवडीचे अप्रूप वाटल्यावाचून राहिले नाही.

११ जानेवारी २००८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. कोणास त्यांच्या ग्रंथांची सुरुवात कोठून करावी असा प्रश्न पडल्यास माझी सूचना अशी, की खंडांच्या वाटेस एकदम जाऊ नये. आधी ‘शोध बाळ-गोपाळांचा’ वाचावे, मग जेध्यांचे चरित्र, आणि ही दोन्ही पुस्तके शक्य तर मुलांच्या देखत वाचावीत.