नेपोलियनची संहिता आणि एम्मा बोव्हारीची सही

स्तांदाल या फ्रेंच कादंबरीकाराने १८४० साली बाल्झाकला एक पत्र लिहिले. त्या पत्राचे कच्चे मसुदे आज उपलब्ध आहेत. 'ला शार्त्रझ द पार्म' ही कादंबरी लिहीत असताना सूर सापडावा म्हणून आपण फ्रान्सच्या नागरी संहितेची पाने वाचत होतो, असे तो त्यात सांगतो. एका मसुद्यात हे वाचन अधूनमधून घडते, तर दुसऱ्यात रोज सकाळी दोन-तीन पाने होतात. साहित्याच्या वर्गांत हा किस्सा बहुधा शैलीविषयीची एक गमतीदार गोष्ट म्हणून सांगितला जातो. आम्हांला मात्र तो तेवढ्यावर सोडावासा वाटत नाही. ज्या पुस्तकातील वाक्यांनी स्तांदालला गद्याचा सूर दिला, त्याच पुस्तकातील वाक्यांनी फ्रान्समधील विवाहित स्त्रियांचे आयुष्य दीर्घकाळ बांधून ठेवले. कायद्याची भाषा स्वच्छ असणे आणि कायदा न्याय्य असणे या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

या संहितेचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १७८९ च्या राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्सचा राजा एक होता, पण कायदा एक नव्हता. दक्षिणेत रोमन परंपरेचा लिखित कायदा चाले, तर उत्तरेत प्रांतोप्रांतीच्या रूढी चालत. विवाहाची सूत्रे धर्मसंस्थेच्या हाती होती आणि जन्म-मृत्यूची नोंद पॅरिशचा धर्मगुरू ठेवी. प्रवासात घोडे बदलावेत तसे या देशात कायदे बदलतात, अशी थट्टा व्होल्तेरने केली होती. सरदार, धर्मगुरू आणि सामान्य माणूस यांना लागू होणारे नियमही वेगवेगळे होते. आपल्याला नेमका कोणता कायदा लागू होतो हे सामान्य माणसाला ठाऊक नसे. ते ठाऊक असणाऱ्यांची मिरासदारी त्यावरच पोसली गेली होती.

क्रांतीने या जुन्या व्यवस्थेवर घाव घातला. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी धर्मगुरूकडून काढून नगरपालिकेकडे दिल्या आणि त्याच दिवशी घटस्फोटालाही मान्यता मिळाली. संपूर्ण संहिता रचण्याचे काम मात्र नेपोलियनच्या काळात तडीस गेले. ऑगस्ट १८०० मध्ये त्याने चार कायदेपंडितांची समिती नेमली. त्रोंशे आणि बिगो द प्रेआमन्यो हे दोघे रूढींच्या उत्तरेकडचे, तर पोर्तालीस आणि मालव्हिल हे लिखित कायद्याच्या दक्षिणेकडचे होते. २१ मार्च १८०४ रोजी छत्तीस कायदे एकत्र करून २२८१ कलमांची संहिता जारी झाली.

समितीच्या वतीने प्रास्ताविक लिहिणारा पोर्तालीस हा या ग्रंथामागचा खरा विचारवंत होय. माणसांच्या व्यवहारातील प्रत्येक प्रसंग आधीच ओळखून त्यासाठी नियम करणे कोणत्याही विधिकर्त्याला शक्य नाही, असे तो मानत असे. कायद्याने व्यापक तत्त्वे सांगावीत आणि ती प्रसंगाला लावण्याचे काम न्यायाधीशावर सोपवावे, ही त्याची भूमिका होती. संहितेचे चौथे कलम याच भूमिकेतून आले. कायदा मूक आहे, संदिग्ध आहे किंवा अपुरा आहे, अशी सबब सांगून निवाडा नाकारणारा न्यायाधीश स्वतःच दोषी ठरतो. त्यापाठोपाठचे पाचवे कलम त्याच न्यायाधीशाला निवाड्याच्या मिषाने सर्वसाधारण नियम घालून देण्यास मनाई करते. दोन छोट्या वाक्यांत न्यायाधीशाचे कर्तव्यही सांगितले गेले आणि त्याची मर्यादाही. दुसऱ्याला हानी पोहोचवणाऱ्याने ती भरून द्यावी हे तत्त्व १३८२ व्या कलमात एकाच वाक्यात मांडले होते. २०१६ च्या सुधारणेत त्याचा क्रमांक बदलून १२४० झाला, पण वाक्य तेच राहिले. घोडागाडीच्या अपघातासाठी लिहिलेले वाक्य पुढे मोटारीलाही पुरले. स्तांदालला भुरळ पडली ती या गद्याची. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत, आर्जव नाही, स्पष्टीकरणही नाही.

सामान्य फ्रेंच माणसाशी या कायद्याची गाठ न्यायालयात क्वचितच पडे. ती पडे नगरपालिकेच्या कचेरीत. मूल जन्मले की तीन दिवसांत तेथे जाऊन नोंद करावी लागे. ही मुदत २०१६ मध्ये पाच दिवसांची झाली. त्या मुलाचे नाव ठेवण्यातही राज्यसत्ता सहभागी होती. १८०३ च्या एका स्वतंत्र कायद्यानुसार प्रचलित पंचांगांतील किंवा प्राचीन इतिहासातील नावांतूनच निवड करावी लागे, आणि हे बंधन पुढे सैल होत होत १९९३ मध्ये रद्द झाले. पॅरिसमध्ये तर १८०० च्या पोलीस हुकुमानुसार पुरुषी वेश करू इच्छिणाऱ्या स्त्रीला परवाना घ्यावा लागे. चित्रकार रोझा बोन्हरने असा परवाना घेतला होता. वापरात नसलेला हा हुकूम आता निष्प्रभ समजावा, असे सरकारने स्पष्ट केले ते २०१३ मध्ये. बापाच्या मृत्यूनंतर सर्व मुलांना, मग ती थोरली असोत वा धाकटी, मुलगे असोत वा मुली, समान वाटा मिळे, आणि मृत्युपत्र करूनही बापाला त्यांचा राखीव हिस्सा तोडता येत नसे.

गोव्यातील वाचकाला हा राखीव हिस्सा परका वाटणार नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर फ्रेंच संहितेचा प्रभाव होता, आणि ती १८७० पासून गोव्यात लागू झाली. मुलाबाळांसाठी मिळकतीचा हिस्सा राखून ठेवण्याची तरतूद त्या मार्गाने मांडवीकाठी पोहोचली. मूळ पोर्तुगीज पाठात, पतीने संरक्षण करावे आणि पत्नीने आज्ञा पाळावी, असेही एक कलम होते. ते कोठून आले हे पाहण्यासाठी पुन्हा फ्रान्सकडे वळले पाहिजे.

१८०४ च्या संहितेतील २१३ वे कलम असे सांगत होते की, पतीने पत्नीला संरक्षण द्यावे आणि पत्नीने पतीची आज्ञा पाळावी. एका छोट्या वाक्यात दोन कर्तव्ये समोरासमोर ठेवलेली आहेत, आणि वाक्य इतके तोलून रचले आहे की त्यातील विषमता समतोलासारखी भासते. विवाह लावणाऱ्या अधिकाऱ्याने पतिपत्नींच्या हक्क-कर्तव्यांचे प्रकरण वधूवरांना वाचून दाखवावे, अशीही तरतूद होती. म्हणजे प्रत्येक फ्रेंच वधूने हे वाक्य आपल्या लग्नात, साक्षीदारांसमोर, स्वतःच्या कानांनी ऐकले. त्यापुढचे कलम, पती जेथे राहील तेथे पत्नीने राहावे, असे सांगे. २१७ व्या कलमान्वये पतीच्या सहभागावाचून किंवा लेखी संमतीवाचून तिला काही देता येत नव्हते, विकता येत नव्हते, गहाण टाकता येत नव्हते आणि घेताही येत नव्हते. करार करण्यास अपात्र असणाऱ्यांच्या यादीत अज्ञान मुले, न्यायालयाने प्रतिबंध घातलेल्या व्यक्ती आणि विवाहित स्त्रिया शेजारीशेजारी होत्या.

ही कलमे डोळ्यांसमोर ठेवून 'मादाम बोव्हारी' पुन्हा वाचावी, अशी आमची शिफारस आहे. एम्माचा ऱ्हास आपण एरवी स्वप्नाळू वाचनाचा परिणाम म्हणून शिकतो आणि शिकवतो. तो तसा आहेच. पण कथानकाचे यंत्र फिरते ते एका कागदावर. कापडाचा व्यापारी तिला सुचवतो की नवऱ्याकडून मुखत्यारपत्र घ्यावे. नवऱ्याच्या अधिकाराखेरीज तिच्या सहीला किंमत नाही, हे त्याला पक्के माहीत आहे. शार्ल ते देतो. पुढे सासू ते रद्द करवते आणि आगीत टाकते, आणि शार्ल स्वतःच नवे मुखत्यारपत्र करून देतो. त्या कागदाच्या बळावर सासऱ्यांकडून आलेली मिळकत विकली जाते, वचनचिठ्ठ्यांवर वचनचिठ्ठ्या चढतात आणि शेवटी आठ हजार फ्रँकची मागणी दारात येते. सुटकेचा दुसरा मार्गही तिला नव्हता. १८१६ मध्ये रद्द झालेला घटस्फोट १८८४ मध्येच परत आला. कादंबरी या दोन सालांच्या मधल्या काळातली आहे. व्यभिचारी पत्नीला १८१० च्या दंडसंहितेनुसार कैद होती. पतीला मात्र केवळ दंड होता, आणि तोही त्याने रखेल राहत्या घरातच ठेवली असेल तर.

फ्लोबेरने हे कुठेही उपदेशाच्या स्वरात सांगितलेले नाही. तो स्वतः पॅरिसमध्ये कायदा शिकत होता. त्याला या संहितेचा उबग आला होता, आणि १८४३ मध्ये तो परीक्षेत नापासही झाला. पुढे १८५७ मध्ये नीतिमत्ता आणि धर्म यांचा अवमान केल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला. त्यातून तो निर्दोष सुटला, तर त्याच वर्षी बोदलेअरला शिक्षा झाली. सरकारी वकिलाला कादंबरीत व्यभिचार दिसला. त्या व्यभिचारिणीची सही कायद्याने शून्य ठरवली होती, हे मात्र दिसले नाही. जॉर्ज सांदने तर त्याआधीच, 'इंदियाना'च्या १८४२ च्या प्रस्तावनेत, विवाहित स्त्रीच्या जीवनावर सत्ता चालवणाऱ्या कायद्यांना अन्यायी म्हटले होते.

केवळ स्त्रियाच या वाक्यांखाली दबल्या होत्या असे नाही. १७८१ व्या कलमानुसार मजुरी किती ठरली आणि किती दिली याविषयी वाद झाला तर मालकाचा शब्द ग्राह्य धरला जाई. हे कलम १८६८ पर्यंत टिकले. तेही तितकेच सुबोध होते. कायद्याची स्वच्छ भाषा अन्यायाला रोखत नाही. उलट ती त्याला स्वाभाविकतेचे रूप देऊ शकते, कारण सहज समजणारे वाक्य सहज पटल्यासारखे वाटते. शैलीचे अभ्यासक म्हणून आपण याबाबतीत सावध असले पाहिजे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १८८० मध्ये युबेर्तीन ओक्लेर पॅरिसच्या नगरपालिकांतील विवाहसमारंभांत उभी राहून वधूंना सांगू लागली की, तुम्ही आत्ता जे ऐकलेत ते अन्याय्य आहे. अधिकाऱ्यांनी तिला बंदी केली. १९०४ मध्ये संहितेची शताब्दी साजरी होत असताना तिने व्हांदोम चौकात संहितेची प्रत जाळण्याचा प्रयत्न केला. तिला हे करता आले, कारण विरोध कशाला करायचा ते वाक्य ठाऊक होते, त्याला क्रमांक होता आणि ते प्रत्येक वधूने ऐकले होते. क्रांतीपूर्वीच्या शंभर रूढींच्या जंगलात अशी बोट ठेवण्याची जागाच सापडली नसती.

आज्ञापालनाचा शब्द १९३८ मध्ये निघाला, पण पती कुटुंबप्रमुख राहिला. पतीच्या संमतीविना नोकरी करण्याचा आणि स्वतःच्या नावे बँकेत खाते उघडण्याचा हक्क १९६५ च्या कायद्याने दिला. कुटुंबप्रमुख हे पद आणि बापाची एकतर्फी सत्ता १९७० मध्ये गेली. म्हणजे शब्द पुसला गेल्यावरही व्यवस्था पुसायला आणखी बत्तीस वर्षे लागली. २००६ मध्ये २१२ व्या कलमात पतिपत्नींच्या परस्पर कर्तव्यांच्या आरंभी एक शब्द नव्याने घातला गेला: आदर. निष्ठा, साहाय्य आणि आधार हे जुने शब्द त्याच्यामागे तसेच आहेत.

ते कलम आजही फ्रान्सच्या नगरपालिकांत वधूवरांना वाचून दाखवले जाते. प्रथा १८०४ चीच आहे, ऐकणाऱ्या वधूच्या वाट्याला आलेले वाक्य वेगळे आहे. स्तांदालने त्या पुस्तकात सूर शोधला, फ्लोबेरने त्याच्या सावलीत एका स्त्रीचा शेवट लिहिला, आणि ओक्लेरसारख्या स्त्रियांनी त्यातील एकेक वाक्य बदलायला लावले. कायदा हा ग्रंथ म्हणून वाचायचा असेल, तर या तिघांचेही वाचन आपल्याला एकत्रच करावे लागेल.