‘विक्रांत’ : गोदीपासून दारूखान्यापर्यंत

‘विक्रांत’ ही भारतीय नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका. परंतु मुळात ती भारतासाठी बांधली जात नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, इंग्लंडमधील टाइन नदीकाठी ब्रिटिश नौदलासाठी ‘हर्क्युलिस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरली, तोवर युद्ध संपले होते. काम थांबले आणि ही अपुरी नौका सुमारे दहा वर्षे तशीच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली. ‘टायटॅनिक’ जेथे बांधले गेले, त्याच बेलफास्टच्या गोदीत ती पूर्ण झाली. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईस पोहोचली.

१९७१ च्या युद्धकाळी तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. वेगावर मर्यादा होती. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्यावरील विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले चढविले. तिच्या शोधार्थ निघालेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली.

३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय झाले. पण सांगाडा गंजत गेला आणि २०१२ साली तेही बंद पडले. जतनाचा खर्च राज्य शासनास पेलवेना. सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. लिलावाविरुद्धची याचिका न्यायालयात टिकली नाही आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यात कामगारांनी तिचे तुकडे करण्यास आरंभ केला. तिच्या काही धातूतून पुढे मोटारसायकली घडल्या.

कुजलेले जहाज बंदरात ठेवणे धोक्याचे होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हाताशी पंधरा वर्षे होती. या काळात अभिमानाची भाषणे पुष्कळ झाली. तरतूद मात्र झाली नाही. समुद्र न पाहिलेल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या म्हसावदच्या मुलांनीही ते जहाज पाहावयास हवे होते.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. नाव पुढे चालले, हे समाधान आहेच. मात्र तिच्या निवृत्तीनंतर काय करावयाचे, याचा विचार ती सेवेत असतानाच झाला पाहिजे.