लॅथ्रॉपच्या कामगारांचा प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी तयार होई. पिकांची मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमींवरचं हे औषध. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली: लग्नाला वर्षं लोटली तरी अनेकांच्या घरी पाळणा हललेला नव्हता. वीर्यतपासणी झाली, तेव्हा काहींच्या नमुन्यात एकही शुक्राणू सापडला नाही.

संताप येतो तो पुढच्या तपशिलाचा. हे रसायन उंदरांची वृषणं सुकवतं, हे १९६१ सालीच छापून आलं होतं! तरी सोळा वर्षं माणसं ते हाताळत राहिली. अमेरिकेने १९७९मध्ये बहुतेक वापर थांबवला. हवाईतल्या अननसाच्या मळ्यांना मात्र आणखी काही वर्षं मुभा मिळाली.

वीर्याचा नमुना द्यायला पुरुष संकोचतात, लघवीची बाटली मात्र सहज भरून देतात. वृषणांना झालेली इजा दाखवणाऱ्या लघवीतल्या खुणेचा शोध म्हणूनच मोलाचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वृषणांना इजा करणारं कॅडमियम दिलेल्या उंदरांच्या लघवीत क्रिएटिन वाढलेलं आढळलं. वृषणांत ते भरपूर असतं. पेशींना इजा झाली की रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. अडचण एवढीच, की स्नायू दुखावले किंवा आहारात मांस वाढलं तरी तेच दिसतं. त्यामुळे कामगाराच्या बाबतीत केवळ या खुणेवर निदान करता येत नाही. वीर्यतपासणी आणि रक्तातली संप्रेरकं पाहावीच लागतात.