अकोटची प्रार्थना आणि वऱ्हाडातील पटकी : दैवी आरोग्यदानाचा एक विस्मृत अध्याय

१/ सातपुड्याच्या पायथ्याचे अकोट कापसासाठी, सतरंज्यांसाठी आणि जवळच्या नरनाळा किल्ल्यासाठी ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच गाव अमेरिकेतील एका ख्रिस्ती चळवळीशी जोडले गेले. येशू आत्म्याचे तारण करतो, तसाच तो आजारी देहही बरा करतो, अशी त्या चळवळीची श्रद्धा होती. पटकी, हिवताप आणि दुष्काळाने गांजलेल्या वऱ्हाडात ही श्रद्धा आली तेव्हा काय घडले, त्याचा हा थ्रेड.

२/ या श्रद्धेचा मुख्य आधार नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सापडतो. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असा उपदेश तेथे आहे. बहुसंख्य प्रोटेस्टंट पंडित मात्र चमत्कारांचा काळ प्रेषितांबरोबर संपला असे मानत. एकोणिसाव्या शतकात काहींनी हे मत नाकारले. स्वित्झर्लंडमधील डोरोथिया ट्रूडेल आणि जर्मनीतील ब्लूमहार्ट यांच्याकडे रुग्ण प्रार्थनेसाठी येऊ लागले.

३/ ट्रूडेल यांचे चरित्र बोस्टनमधील डॉ. चार्ल्स कलिस यांच्या हाती पडले. कलिस स्वतः होमिओपॅथीचे डॉक्टर होते. १८६४ साली त्यांनी क्षयरोग्यांसाठी आश्रयगृह उघडले होते. तेथे शुश्रूषा आणि प्रार्थना शेजारी शेजारी चालत. जानेवारी १८७० मध्ये त्यांनी लूसी ड्रेक या अंथरुणाला खिळलेल्या तरुणीसाठी प्रार्थना केली. तिच्या मेंदूत गाठ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. आपण बऱ्या झालो, अशी साक्ष लूसी यांनी दिली. अमेरिकेतील या चळवळीचा आरंभ बहुधा याच घटनेपासून सांगितला जातो.

४/ येथे कथा वऱ्हाडात शिरते. त्याच लूसी ड्रेक १८७० च्या दशकात कलिस यांच्या पाठिंब्याने मिशनरी म्हणून वाशीमला आल्या. ज्या स्त्रीच्या रोगमुक्तीने बोस्टनमध्ये चळवळ उभी राहिली, ती स्त्री काही वर्षांतच वऱ्हाडी गावात मराठी बोलणाऱ्या लोकांमध्ये वावरत होती.

५/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. १८७० मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे कोणतेही साधन नव्हते. निदान केवळ लक्षणांवरून होई. म्हणून ‘गाठ होती आणि ती गेली’ हे विधान आज सिद्धही करता येत नाही आणि खोटेही ठरवता येत नाही. ती स्त्री अंथरुणातून उठली आणि समुद्र ओलांडून वाशीमला पोहोचली, एवढे मात्र निश्चित.

६/ त्याच काळात अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी अचलपुरात, म्हणजे तेव्हाच्या एलिचपुरात, काम करीत होते. ओहायो प्रांतातील जेनी फ्रो ही तरुणी त्यांच्या कामात सामील झाली. पुढे मार्कस फुलर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि १८८० च्या दशकात या दांपत्याने अकोटला मिशनचे ठाणे उभारले. हे ‘विश्वासावर चालणारे’ मिशन होते. ठरलेला पगार नाही, पैशासाठी याचना नाही. गरज देवापुढे मांडायची आणि वाट पाहायची.

७/ या पद्धतीचा आरोग्याच्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. उद्याच्या भाकरीसाठी जो देवावर विसंबतो, त्याने आजच्या तापासाठी त्याच देवावर का विसंबू नये? पोटाला लावलेला न्याय देहाला लावायचा, एवढेच पुढचे पाऊल होते. काहींनी ते उचलले, काहींनी नाही.

८/ अकोटच्या लोकांना श्रद्धेने रोग बरा होण्याची कल्पना मुळीच नवी नव्हती. पटकी आली की मरीमायची पूजा होई आणि तिचा गाडा शिवेबाहेर नेला जाई. अंगावर देवी आल्या की घरात पथ्ये पाळली जात. अकोटातच नरसिंग महाराजांचे स्थान होते. परंपरा त्यांना कोतशाअल्ली या फकिराचे शिष्य मानते. १८७८ मध्ये शेगावी गजानन महाराज प्रकट झाले आणि त्यांच्या तीर्थाने रोगी उठल्याच्या कथा भक्त आजही सांगतात. परदेशी मिशनऱ्यांची प्रार्थना अशा भूमीत उच्चारली जात होती.

९/ त्या काळच्या वैद्यकाची अवस्थाही ध्यानात घ्यावी लागते. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू कलकत्त्यात ओळखला तो १८८४ साली. हिवताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवले. पटकीवर डॉक्टर पाऱ्याचे क्षार आणि अफू देत. शिरेतून क्षारजल देण्याची लेनर्ड रॉजर्स यांची परिणामकारक पद्धत विसाव्या शतकातली. हिवतापावर क्विनीन आणि देवीवर लस ही मोजकी साधने खात्रीची होती. पटकीच्या रोग्याला डॉक्टर नाकारून फारसे गमवावे लागत नव्हते. हिवतापाच्या रोग्याला मात्र क्विनीन नाकारून जीव गमवावा लागू शकत होता.

१०/ आता न्यूयॉर्ककडे वळू. ए. बी. सिम्प्सन हे प्रेस्बिटेरियन पाळक दीर्घकाळ हृदयविकाराने त्रस्त होते. १८८१ साली मेन प्रांतातील ओल्ड ऑर्चर्ड येथे, कलिस यांच्या मेळाव्यात, त्यांनी बरे झालेल्यांच्या साक्षी ऐकल्या. आपणही बरे झालो, असे त्यांनी जाहीर केले. १८८७ मध्ये त्यांनी दोन संस्था स्थापन केल्या. १८९७ मध्ये त्या एकत्र येऊन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ झाली.

११/ सिम्प्सन यांच्या शिकवणुकीला ‘चतुर्विध शुभवर्तमान’ म्हणत. येशू तारणारा, पवित्र करणारा, आरोग्यदाता आणि पुन्हा येणारा राजा. तिसरे पद वादाचे होते. येशूने वधस्तंभावर पापाबरोबर आजारही वाहिले, म्हणून आरोग्य हा विश्वासणाऱ्याचा वारसा आहे, असे ते सांगत. मात्र या आरोग्याने मरण टळत नाही; नेमलेले काम पुरे होईपर्यंत लागणारे ते बळ आहे, अशी मर्यादाही त्यांनी घातली होती.

१२/ १८९२ च्या सुमारास फुलर दांपत्याचे काम या अलायन्समध्ये विलीन झाले. मार्कस फुलर भारतातील कामाचे प्रमुख झाले. अकोट, अकोला, खामगाव ही अलायन्सची महत्त्वाची ठाणी बनली. अशा रीतीने ‘आरोग्यदाता येशू’ हे पद वऱ्हाडात संस्थेच्या अधिकृत शिकवणुकीचा भाग म्हणून आले. औषध सोडण्याची सक्ती सभासदांवर नव्हती. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न मानला जाई.

१३/ विवेकावर सोडलेला प्रश्न किती जड होऊ शकतो, हे पश्चिम आफ्रिकेत दिसले. १८९० साली सिम्प्सन यांच्या शिकवणुकीने भारलेला अमेरिकन तरुणांचा एक गट सिएरा लिओनला पोहोचला. ताप आल्यावर त्यांनी औषध नाकारले. थोड्याच आठवड्यांत त्यांतले तिघे दगावले. या घटनेने अमेरिकेत आणि मिशनरी वर्तुळांत मोठा वाद पेटला.

१४/ महाराष्ट्रातील सर्व ख्रिस्ती मिशने या विचाराची नव्हती. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. तेथेही प्रार्थना होई, पण तिच्या जोडीला शस्त्रक्रियाही होई. अचलपूरजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे काम उभे राहिले. दोन्ही प्रवाह एकच धर्मग्रंथ वाचत होते. एक म्हणे, देव प्रार्थनेला थेट उत्तर देतो. दुसरा म्हणे, देव वैद्याच्या हातातून उत्तर देतो.

१५/ मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजारांवर उतरली. अलायन्सने अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथालय चालवले. उपासमारीने खंगलेल्या मुलासाठी प्रार्थना झाली तरी त्याला आधी अन्न, पाणी आणि रात्री उशाशी बसणारे माणूस लागे. या दुष्काळाने शिकवणुकीतला शब्द बदलला नाही. पण रोजच्या कामात शुश्रूषेला अग्रस्थान दिले.

१६/ जेनी फुलर यांची दृष्टीही केवळ प्रार्थनेपुरती नव्हती. भारतीय स्त्रियांवरील अन्यायाविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, देवदासी आणि मुरळी यांचे प्रश्न त्यात होते. त्यात परकीय धर्मप्रचारकाचा दृष्टिकोन आहे आणि तो चिकित्सेनेच वाचावा लागतो. तरीही कायदा, शासन आणि समाजसुधारक यांच्याकडून अपेक्षा करणारे ते पुस्तक आहे.

१७/ त्याच वर्षी, १९०० मध्ये, जेनी फुलर यांना मुंबईत पटकीने गाठले आणि त्यांचा मृत्यू झाला. वऱ्हाडात वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेली, विश्वासावर जगलेली ही स्त्री त्या वेळी पन्नाशीच्या आतबाहेर होती.

१८/ ‘आरोग्यदाता’ मानणाऱ्या चळवळीपुढे असा मृत्यू कठीण प्रश्न ठेवतो. अशा वेळी साधारणतः तीन उत्तरे दिली गेली. विश्वास अपुरा पडला; नेमलेले काम पूर्ण झाले होते; किंवा देवाची इच्छा माणसाला कळत नाही. पहिले उत्तर सर्वांत क्रूर. ते आजाऱ्याच्या दुखण्यावर अपराधाचे ओझे चढवते आणि मागे राहिलेल्यांना शोकाबरोबर संशयही देऊन जाते. जेनी फुलर यांच्यासारख्या आयुष्यापुढे हे उत्तर टिकणे अवघड होते.

१९/ या इतिहासातून साधनांविषयी एक धडा मिळतो. जो बरा झाला, त्याने साक्ष दिली. ती छापली गेली आणि जपली गेली. जो प्रार्थना करूनही मेला, त्याची साक्ष कोण लिहिणार? नवसाच्या कथांना, संतचरित्रांना आणि औषधांच्या जाहिरातींनाही हाच नियम लागू होतो. साक्ष देणारा खोटे बोलतो असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या शेजारची गप्प राहिलेली माणसेही मोजायला हवीत, इतकाच अर्थ.

२०/ अकोला, खामगाव, अकोट या पट्ट्यात अलायन्सच्या परंपरेतील मराठी मंडळ्या आजही आहेत. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना होते, तशी ती मंदिरात आणि दर्ग्यातही होते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. मंत्र म्हणणे हा त्यात गुन्हा नाही, उपचार अडवणे हा आहे. प्रार्थना आणि औषध यांच्यातली हीच रेषा सव्वाशे वर्षांपूर्वी अकोटच्या मिशनपुढेही होती. तेव्हा ती प्रत्येकाला एकट्याने, तापाने फणफणत असताना आखावी लागे.