कर्जतचा सूर्य आणि विद्यापीठाचे घड्याळ

१/ मुंबईत सकाळी सातच्या तासाला बसण्यासाठी कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्याला पहाटे पाचपूर्वीच लोकल गाठावी लागते. ज्याला ते जमत नाही, तो ‘आळशी’ ठरतो. या ‘आळसा’मागे मात्र घड्याळाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ पूर्वी प्रत्येक गावाची वेळ ही त्या गावच्या सूर्याची वेळ असे. १८५६ साली लोहमार्ग पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आला, १८६३ साली बोरघाट ओलांडून पुढे गेला. दूरच्या गाड्यांना एकच वेळ हवी होती, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती.

३/ १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ मुंबईवरही लादली. शहराने तीव्र विरोध केला. १८८३ साली मुंबई विद्यापीठाच्या सिनेटने राजाबाई टॉवरचे घड्याळ स्थानिक वेळेवरच ठेवण्याचा कौल दिला. विद्यापीठ तेव्हा सूर्याच्या बाजूने उभे राहिले.

४/ १ जानेवारी १९०६ रोजी ८२.५ अंश रेखांशावरील भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे गेली. सूर्याच्या हिशेबाने कामावर तितके लवकर यावे लागणार, म्हणून जेकब ससून गिरणीतील कामगारांनी त्याच महिन्यात काम थांबवले.

५/ कर्जतचा रेखांश सुमारे ७३.३ अंश. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर कर्जतचा सूर्य प्रमाणवेळेच्या ३७ मिनिटे मागे चालतो. जुन्या मापाने जवळपास दीड घटका. घड्याळात सात वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने अजून साडेसहाही झालेले नसतात.

६/ शरीराचे घड्याळ कोणाचे ऐकते? १९७६ साली हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी माणसांचा सकाळचा वा संध्याकाळचा कल मोजणारी प्रश्नावली मांडली. २००४ साली रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की उशिरा झोपण्या-उठण्याकडील कल किशोरवयात वाढत जातो आणि विशीच्या आसपास शिगेला पोहोचतो. महाविद्यालयाची वर्षे नेमकी हीच.

७/ २००७ साली याच संशोधकांनी जर्मनीतील हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. देशभर घड्याळ एकच होते, तरी पश्चिमेकडील लोक रेखांशागणिक उशिरा झोपत-उठत होते. लहान गावांत हा परिणाम अधिक ठळक होता. भारताच्या पश्चिम भागातील कर्जत-खोपोलीसारख्या गावांना हे निरीक्षण विचारात पाडणारे आहे.

८/ रात्रीचे दिवे आणि मोबाइल यांचाही झोपेवर परिणाम होतोच. परंतु वय, रेखांश आणि प्रवास यांचा भार एकट्या विद्यार्थ्याच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे आहे. प्रमाणवेळ देशाची आहे, ती बदलणे सोपे नाही. पहिल्या तासाची वेळ मात्र महाविद्यालयाच्या हाती आहे.